वेळापत्रक एक, फाइल्स सहा: एका द्राक्ष बागायतदार संघाच्या वेबसाइटचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या द्राक्षपट्ट्यातला हा एक बागायतदार संघ. संघ, तालुका आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. संघाचे बरेच सभासद युरोपला माल पाठवतात. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते, त्याआधी संघ सभासदांसाठी फवारणीचं वेळापत्रक काढतो. वेलीच्या कोणत्या अवस्थेत कोणतं औषध, किती मात्रेत, आणि शेवटची फवारणी काढणीच्या किमान किती दिवस आधी, हे त्यात असतं. हा शेवटचा आकडा सगळे 'पीएचआय' याच नावानं ओळखतात.

हा आकडा चुकला तर काय होतं, ते या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २०१० साली क्लोरमेक्वॉट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांवरून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. निर्यातीच्या द्राक्षांसाठी औषधांची यादी, त्यांचे पीएचआय आणि कमाल अवशेष मर्यादा पुण्याजवळच्या मांजरी इथलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र देतं आणि ती यादी सुधारत राहते. यादी सुधारली की संघाचं वेळापत्रकही सुधारावं लागतं, कधी ऐन हंगामात.

संघाची वेबसाइट वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या प्रणालीवर आहे. ती सुरू झाली बातम्या आणि सभांच्या सूचनांसाठी. पुढे तिच्यावर वेळापत्रकं आली, परिपत्रकं आली, रोगांच्या फोटोंचा संग्रह आला. मजकूर चढवण्याचं काम कार्यालयातल्या एक ताई करतात, तांत्रिक देखभाल गावातल्या दोन तरुणांकडे आहे, वेळापत्रकाची जबाबदारी कृषिसल्लागारांची. कार्यकारिणीनं मला सल्ल्यासाठी बोलावलं ते पुढच्या प्रसंगानंतर.

प्रश्न कुठे दिसला

हंगामाच्या मध्यात एका औषधाचा पीएचआय वाढला. कृषिसल्लागारांनी लगेच दुरुस्ती केली, प्रेसमधून नवी पीडीएफ आली, ताईंनी ती चढवून पानावरची लिंक बदलली, व्हॉट्सॲप गटांवर निरोप गेला. कुणाकडूनही हयगय झाली नव्हती. तरी काही दिवसांनी एका सभासदाचा फोन आला आणि बोलता बोलता कळलं की ते जुनाच आकडा धरून चालले आहेत. तो बदललाय म्हटल्यावर ते चिडले: "मॅडम, तुमच्याच साइटवर लिहिलंय, अन् तुम्हीच नाही म्हणता?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यांनी गूगलवर वेळापत्रकाचं नाव टाकलं, वर आलेली पीडीएफ उघडली आणि ती संघाच्याच पत्त्यावर होती. फवारणी अजून व्हायची होती, म्हणून निभावलं.

मीडिया लायब्ररी, म्हणजे चढवलेल्या सगळ्या फाइल्सची वर्डप्रेसमधली यादी, उघडली तेव्हा त्या एका वेळापत्रकाच्या सहा फाइल्स निघाल्या. 'फायनल', 'फायनल-१', 'नवीन', 'नवीन-दुरुस्त' अशी नावं. सध्या लागू असलेली कोणती, हे लायब्ररी सांगू शकत नव्हती. ताईंना ते ठाऊक होतं, पण ते ज्ञान त्यांच्या डोक्यात होतं, साइटमध्ये नव्हतं.

मुळाशी काय होतं

चूक माणसांची नाही, रचनेची होती.

वर्डप्रेसमध्ये फाइल चढवली की लेखांच्याच तक्त्यात 'अटॅचमेंट' प्रकारची एक नोंद तयार होते. म्हणजे फाइल हाही एक लेख. तिला शीर्षक मिळतं, पत्ता मिळतो, बरीच वर्षं तर स्वतःचं वेगळं पानही मिळत असे. नोव्हेंबर २०२३ मधल्या ६.४ या आवृत्तीपासून नव्या साइटवर ही पानं बंद असतात, जुन्या साइटवर मात्र पूर्वीसारखीच राहिली. पत्त्यांचा गोंधळही इथूनच. कुणीतरी कधीकाळी 'वेळापत्रक' नावाचा फोटो चढवला होता, त्यानं तो पत्ता अडवला, आणि नंतर तयार केलेल्या खऱ्या वेळापत्रकाच्या पानाला 'वेळापत्रक-२' वर समाधान मानावं लागलं.

लेखासारखी नोंद असली तरी लेखाला मिळणारं संरक्षण फाइलला मिळत नाही. लेखाचा मसुदा असतो, तो कुणाला दिसत नाही. मसुद्यात जोडलेली पीडीएफ मात्र चढवल्या क्षणापासून उघडी असते, कारण ती वेब सर्व्हर थेट फोल्डरमधून देतो, वर्डप्रेसला विचारतही नाही. लेखाच्या जुन्या आवृत्त्या राहतात, फाइलच्या राहत नाहीत. लेख आधी कचरापेटीत जातो. फाइल, खास सेटिंग केलं नसेल तर, थेट कायमची जाते. आणि लेख पुसला तरी त्याच्यासाठी चढवलेली फाइल जागेवरच राहते, फक्त तिचा 'पालक' जातो. हा पालकही पहिल्यांदा जिथून चढवली त्या लेखाचाच. तीच फाइल दुसऱ्या चार ठिकाणी वापरली, तर त्याची नोंद कुठेच नाही.

रोगांच्या फोटोंत हीच अडचण निराळ्या रूपात होती. एक फोटो सांगतो. द्राक्षाच्या पानाची वरची बाजू, तिच्यावर पिवळसर तेलकट डाग. डावणीच्या लेखात त्याखाली ओळ होती, 'डावणीची सुरुवात: पानाच्या वर तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी'. स्कॉर्चिंगच्या, म्हणजे फवारणीनं पान करपण्याच्या, लेखातही तोच फोटो, तिथे ओळ होती, 'असे डाग फवारणीनेही पडतात, पान उलटून पाहिल्याशिवाय औषध मारू नका'. दोन्ही ओळी आपापल्या जागी बरोबर. लायब्ररीत मात्र एका फोटोला एकच ओळ आणि एकच पर्यायी मजकूर (फोटो न दिसणाऱ्याला वाचून दाखवायचं वर्णन) ठेवता येतो. लेखात फोटो घालताना तो मजकूर लेखात उतरतो आणि मग दोघांचा संबंध संपतो. लायब्ररीत दुरुस्ती केली तरी जुन्या लेखांत ती पोचत नाही. अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला स्कॉर्चिंगच्या लेखात 'डावणी' ऐकू येत होतं.

तिसरी गोष्ट नावांची, आणि ती मराठीच्या अगदी जवळची आहे. एका फाइलचं नाव 'शेतकऱ्यांसाठी' या शब्दानं सुरू होत होतं. यातला 'ऱ' युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणून लिहिता येतो, किंवा 'र' आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हं करून. शिवाय काही कळफलक 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून तसंच रूप उमटवतात. डोळ्यांना सगळं सारखं. प्रेसमधल्या जुन्या मॅकची फाइलप्रणाली नाव साठवताना 'ऱ' फोडून ठेवायची. कार्यालयातला विंडोज संगणक एकसंध ठेवायचा. लिनक्स सर्व्हरला ही दोन वेगळी नावं. त्यामुळे पत्ता हातानं टाइप केला, की जी फाइल डोळ्यांसमोर यादीत दिसतेय तीच 'सापडली नाही' म्हणून उत्तर यायचं. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह लिंकमध्ये नऊ अक्षरांचं होतं, आणि वर्डप्रेस पत्त्याला २०० अक्षरांची मर्यादा घालतं. म्हणजे बाविसाव्या चिन्हानंतर पत्ता तुटला.

पीडीएफचा मजकूरही शोधता येत नव्हता. प्रेसमध्ये जुळणी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होत असे. छापून सुंदर, पण आतली अक्षरं मराठी नव्हेतच. साइटवर औषधाचं नाव टाकून शोधलं तर वेळापत्रक हाती लागत नसे.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सर्वांत स्वस्त: आहे त्याच नावावर नवी फाइल ठेवणारं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायची पूरक सोय. लिंक तीच राहते, जुनी फाइल जाते, प्रश्न सुटल्यासारखा दिसतो. देखभाल करणाऱ्या तरुणांना हेच सोयीचं वाटत होतं. कृषिसल्लागारांनी त्याला ठाम नकार दिला, आणि त्यांचं कारण मला पूर्ण पटलं. अवशेषांवरून वाद झाला तर शेतकरी विचारणार, 'डिसेंबरात तुम्ही काय सांगितलं होतं?' त्या प्रश्नाचं उत्तर संघाकडे असलंच पाहिजे. वरून लिहून जुनं पुसलं तर ते उत्तरच नष्ट होतं.

दुसरा पर्याय पीडीएफ बंद करण्याचा. प्रत्येक औषधाची स्वतंत्र नोंद करायची, तिच्यात घटक, मात्रा, पीएचआय, मर्यादा, आणि वेळापत्रक त्या नोंदींतून आपोआप तयार व्हायचं. तत्त्वतः हाच उत्तम, कारण मग वेळापत्रक ही फाइल उरतच नाही, ती माहिती होते. पण सभासद वेळापत्रक छापून औषधांच्या खोलीत भिंतीला लावतात. ते जाऊ द्यायला कार्यकारिणी तयार नव्हती, आणि हंगाम तोंडावर होता.

तिसरा पर्याय दुसऱ्या प्रणालीवर जाण्याचा. टायपोथ्री या प्रणालीनं २०१२ मधल्या ६.० या आवृत्तीपासून फाइल आणि तिचा प्रत्येक वापर यांच्या नोंदी निराळ्या ठेवल्या आहेत, आणि एखाद्या वापरापुरतं शीर्षक किंवा पर्यायी मजकूर बदलण्याची सोय दिली आहे. फोटोच्या ओळींचा आमचा प्रश्न तिथे जवळपास सुटलेला होता. ड्रुपल या दुसऱ्या प्रणालीमध्ये फाइल वेगळी आणि तिला गुंडाळणारी 'मीडिया' नोंद वेगळी. मीडिया नोंदीला आवृत्त्या असतात. दोन्ही रचना वर्डप्रेसपेक्षा नक्कीच विचारी आहेत. पण संघाला हे सांभाळणारी माणसं तालुक्यात मिळायला हवीत, आणि ताईंचा हात वर्डप्रेसवर बसलेला. स्थलांतराचा खर्च प्रश्नाच्या आकाराला न शोभणारा होता.

चौथा पर्याय, आणि शेवटी निवडलेला: वर्डप्रेस ठेवायचं, पण फाइलला लेख मानणं सोडायचं. वर 'दस्तऐवज' नावाचा स्वतंत्र प्रकार करायचा.

रचना: तीन गोष्टी, तीन जागा

आम्ही कागदावर तीन रकाने आखले. फाइल म्हणजे केवळ साठवलेले बाइट्स: आकार, प्रकार, कुणी कधी चढवली, मूळ नाव आणि एसएचए-२५६ ठसा (फाइलच्या बाइट्सवरून काढलेला, तिची ओळख पटवणारा आकडा). फाइल एकदा चढली की बदलत नाही. दस्तऐवज म्हणजे तिचा अर्थ: कोणत्या हंगामाचं वेळापत्रक, जबाबदार कोण, कधीपासून कधीपर्यंत लागू, हक्क कुणाचे, आणि सध्या मसुदा, चालू की मागे घेतलेला. दस्तऐवजाखाली आवृत्त्या, प्रत्येक आवृत्ती एका फाइलकडे बोट दाखवणारी. तिसरा रकाना वापराचा: कोणत्या लेखात, कोणत्या ओळीसह, कोणत्या पर्यायी मजकुरासह.

कार्यकारिणीला हे समजावताना सातबारा कामी आला. गट नंबर तोच राहतो, मालकाची नोंद बदलते, आणि प्रत्येक बदलाचा फेरफार मागे राहतो. तेवढं सांगितल्यावर ज्येष्ठ सभासदांनी पुढचे प्रश्न स्वतःच विचारले, आणि ते नेमके होते: फेरफार मंजूर कोण करणार?

निर्णयाचे टप्पे

पत्ता कुणाचा, हा पहिला निर्णय. पत्ता दस्तऐवजाचा ठरला, फाइलचा नाही. छोटा, आकड्यांचा, कायमचा. त्यावर गेलं की नेहमी चालू आवृत्ती मिळते. इथे एक तांत्रिक बारकावा होता. चालू फाइलकडे पाठवताना ३०१ हा कायमचा वळसा वापरला, तर ब्राउझर तो लक्षात ठेवून पुढच्या वेळी जुन्याच फाइलवर नेऊ शकतो. म्हणून ३०२, तात्पुरता.

जुन्या लिंकांचं काय करायचं, यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. तरुणांचं म्हणणं, जुन्या लिंकवरून थेट नवी पीडीएफ उघडावी, शेतकऱ्याला त्रास नको. कृषिसल्लागारांचं म्हणणं उलटं: जो माणूस जुनी लिंक उघडतोय त्याच्याकडे जुनी प्रत असण्याची शक्यता आहे, त्याला थांबवून सांगितलंच पाहिजे. मी त्यांच्या बाजूनं होतो. जुनी लिंक आता एका पानावर नेते. वर ठळक अक्षरांत 'ही आवृत्ती मागे घेतली आहे', खाली काय बदललं त्याच्या दोन ओळी, आणि चालू वेळापत्रकाचं मोठं बटण. जुनी फाइलही त्या पानावरून मिळते, पण शोधयंत्रांसाठी तिच्या हेडरमध्ये, म्हणजे सर्व्हर फाइलसोबत पाठवतो त्या माहितीत, 'नोइंडेक्स' (शोधात दाखवू नका) आहे. पीडीएफच्या आत वेबपानासारखा रोबोट्स मेटा टॅग घालता येत नाही, त्यामुळे ही सूचना सर्व्हरनंच द्यावी लागते.

पुसण्याबाबत आम्ही ड्रुपलच्या अनुभवावरून शिकलो. तिथे फाइल किती ठिकाणी वापरली याची मोजणी ठेवली जाते, आणि मोजणी शून्यावर आली की फाइल तात्पुरती ठरून काही काळानं आपोआप पुसली जात असे. मोजणीत चुका होऊन हव्या असलेल्या फाइल्स गेल्या, म्हणून २०१७ मधल्या ८.४ पासून हे आपोआप पुसणं मुळातच बंद ठेवलं गेलं. संघानं ठरवलं की वापराची यादी माहितीसाठी ठेवायची, पुसण्याचा निर्णय माणसानं घ्यायचा.

फोटोचं निदान कुठे नोंदवायचं, हा मला सर्वांत गुंतवणारा प्रश्न वाटला. ओळ वापराची, हे सोपं. पण 'हा डाग डावणीचा आहे' हे विधान फोटोबद्दलचं आहे, लेखाबद्दलचं नव्हे. ते दस्तऐवजाच्या नोंदीत ठेवलं, निदान कुणी आणि कशावरून केलं यासह. निदान बदललं की तो फोटो वापरणारे सगळे लेख तपासणीसाठी यादीत येतात. लेखांतल्या ओळी यंत्र बदलत नाही.

फोटोंतच आणखी एक गोष्ट लक्षात आली. शेतकऱ्यांनी मोबाइलवरून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेल्या फोटोंत बागेचं अक्षांश-रेखांश तसंच राहतं. वर्डप्रेस २,५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची लहान प्रत करतं, पण मूळ फाइल सर्व्हरवर ठेवतं. रोगट बाग कुणाची, हे कुणालाही काढता आलं असतं. आता मूळ फोटो बंद फोल्डरमध्ये राहतात आणि बाहेर जाते ती स्थानमाहिती काढलेली प्रत.

प्रत्यक्ष काम

फाइलची नावं सर्व्हरवर ठशावरून ठेवली. मूळ मराठी नाव एकसंध रूपात आणून वेगळ्या रकान्यात जपलं, डाउनलोड करताना तेच नाव दिसतं. ठशामुळे तीच फाइल दुसऱ्यांदा चढवली तर कळतं. वेळापत्रकं आणि परिपत्रकं सगळी नव्या रचनेत आणली. 'फायनल' आणि 'नवीन' यांचा क्रम लावायला ताई आणि कृषिसल्लागार एकत्र बसले, ते काम दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं. जुन्या बातम्यांचे फोटो मुद्दाम जसेच्या तसे सोडले. सत्काराच्या फोटोला आवृत्ती लागत नाही.

प्रत्येक दस्तऐवजाला औषधांच्या नावांसह युनिकोड मराठीत सारांश सक्तीचा केला. शोध आता त्या सारांशावर चालतो. पीडीएफच्या प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक, तारीख, छोटा पत्ता आणि क्यूआर कोड आला, कारण व्हॉट्सॲपवर फिरणारी आणि भिंतीवर लावलेली प्रत साइटच्या ताब्यात कधीच नसते. ती स्कॅन केली की ही आवृत्ती चालू आहे की नाही, ते समजतं.

परिणाम

पुढच्या हंगामात मध्येच दुरुस्ती आली तेव्हा ताईंनी त्याच दस्तऐवजात नवी आवृत्ती जोडली, कृषिसल्लागारांनी मंजूर केली आणि काम झालं. पानांवरच्या लिंका शोधत बसावं लागलं नाही. 'मागे घेतली आहे' हे पान पाहून काही सभासदांनी फोन केले, पण ते विचारायला: बदल नेमका कशात आहे? अशा फोनची संघाला हरकत नव्हती.

फोटोसंग्रहात प्रगती हळू आहे. निदान कशावरून केलं, हा रकाना जुन्या फोटोंसाठी बहुधा रिकामा राहतो, कारण ते पाठवणाऱ्यालाही आठवत नाही. असे फोटो नव्या लेखांत वापरायचे नाहीत असं ठरलं, आणि त्यामुळे लेख लिहिणाऱ्यांची थोडी अडचण झाली.

पुन्हा करायचं तर वेगळं काय

रचना ठरवताना सुरुवातीच्या बैठका तंत्रज्ञांबरोबर झाल्या, ताई नंतर आल्या. त्या आल्यावर 'माध्यमवस्तू' हे नाव गेलं आणि 'दस्तऐवज' आलं, 'स्थिती' या रकान्यात 'मागे घेतलेला' हा पर्याय आला. ताई आधीपासून असायला हव्या होत्या. रोज चढवणाऱ्या माणसाला ठाऊक असतं की फाइल कधी बदलते आणि कुणाच्या फोनवर बदलते.

'कधीपर्यंत लागू' हा रकाना पहिल्या दिवसापासून सक्तीचा हवा होता. ऐच्छिक ठेवल्यामुळे काही परिपत्रकं मुदत संपूनही चालू दिसत राहिली. फळछाटणीचं वेळापत्रक पुढच्या फळछाटणीपर्यंत जगू नये, एवढा साधा नियम यंत्रात घालता आला असता.

दुसरा पर्याय, औषधांच्या स्वतंत्र नोंदींचा, तेव्हा बाजूला ठेवला तो वेळेअभावी. तो निर्णय त्या हंगामापुरता योग्य होता, पण पीडीएफ छापायची आणि माहिती नोंदींत ठेवायची, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे कार्यकारिणीसमोर तेव्हाच मांडायला हवं होतं. आज दोन आवृत्त्यांत कोणत्या औषधाचा आकडा बदलला, ते कृषिसल्लागार हातानं लिहितात. नोंदी असत्या तर फरक यंत्रानं काढला असता आणि त्यांनी फक्त तपासला असता. या नोंदींचा तक्ता आता तयार आहे. त्यातल्या पीएचआयवर अंतिम सही कृषिसल्लागारांची की निर्यात समितीची, हे येत्या फळछाटणीआधीच्या बैठकीत ठरायचं आहे.